नाताळचा आहेर

एडिसन, न्यू जर्सी
२८ डिसेंबर

चि. सोनूस,


परवा तू फोनवर नाताळात मिळालेल्या भेटींची यादी वाचून दाखवलीस. सुरुवात हसत केलीस आणि शेवटी म्हणालीस, "मावशी, दीड वर्ष झालं लग्नाला. या लोकांना मी कोण आहे हेच माहीत नाही गं." फोनवर असल्या गोष्टी धड बोलता येत नाहीत. एकीचा कुकर होतो, दुसरीची मीटिंग सुरू होते. म्हणून हे पत्र. तू हो म्हणालीस तर नावगाव काढून मंडळाच्या अंकातही देईन म्हणते. इकडच्या घरांत सून किंवा जावई म्हणून गेलेली आपली कितीतरी मुलं २५ डिसेंबरच्या संध्याकाळी हेच म्हणत असतात. आईला सांगत नाहीत, ती काळजी करत बसेल म्हणून. मग मावशीला सांगतात.

तर यादी. सासूबाईंकडून स्वेटर, दोन मापं मोठा, आणि घरातल्या सगळ्यांना तोच, फक्त रंग वेगळे. मोठ्या दिरांकडून सॉसेज आणि चीजची भलीमोठी टोपली. तू जन्मात मांसाला हात लावलेला नाहीस आणि तुझ्या लग्नाच्या पंगतीत ते स्वतः तुझ्या शेजारी बसून पनीर जेवले होते. जाऊबाईंकडून हळदीच्या दुधाची पूड, सोनेरी डब्यात, वर ‘प्राचीन भारतीय पेय’ अशी अक्षरं. नणंदेकडून वजन घटवायचं पुस्तक, आणि वेष्टनावरच्या चिठ्ठीत तुझ्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं. आजेसासूबाईंकडून पंचवीस डॉलरचा चेक.

आणि तू काय दिलंस? सासूबाईंना बागकामाचं वेड, म्हणून त्यांच्या हवेत रुजतील अशी रानफुलांची बियाणी शोधून आणलीस. दिरांना मासेमारीची पेटी. नणंदेला तिच्या आवडत्या लेखिकेच्या सहीचं पुस्तक, त्यासाठी तू थंडीत रांगेत उभी राहिलीस. म्हणजे वस्तूंचं सोड, खरं दुःख या दोन याद्या शेजारी शेजारी ठेवल्यावर होतं.

तेव्हा आधीच सांगते, ‘वस्तू बघू नये, त्यामागची भावना बघावी’ हे मी तुला ऐकवणार नाही. धर्माची गाय आणि दात का नाय, हे गाय मागायला गेलेल्या माणसाला विचारायचं असतं. तू कुणाच्या दारात काही मागायला गेली नव्हतीस. तुला वाईट वाटलं ते रास्त आहे. मला बोलायचंय ते त्यावरून तू जो निष्कर्ष काढलास त्याबद्दल.

आपल्याकडची देवाणघेवाण आठव. लग्नाच्या हॉलमध्ये दाराजवळ एक काका आहेराची वही घेऊन बसलेले असतात. पाकीट आलं, नाव लिहिलं, आकडा टाकला, पाकीट पिशवीत गेलं. मंडपात उभं राहून ते फोडायचं आणि "अय्या, किती छान!" असं ओरडायचं, असला प्रकार आपल्यात नाही. देणाऱ्यासमोर वस्तू उघडून बघणं हा उलट हावरटपणा मानायचे.

तुझ्या आजीच्या कपाटात खालच्या खणात देण्याघेण्याच्या साड्यांचा एक गठ्ठा असायचा. जुन्या धोतरात बांधलेला, डांबरगोळ्यांचा वास मारणारा. गाठ सोडली की एकेका साडीच्या घडीत टाचणीने लावलेली चिठ्ठी दिसायची. ‘नाशिकच्या वन्सं, मंगळागौर’, ‘सदाशिव पेठ, मुंज’, पेन्सिलीने, आजीच्या त्या टोकदार अक्षरात. ही साडी चुकून नाशिकलाच परत जाऊ नये, एवढ्यासाठी हा सगळा बंदोबस्त. कितीतरी खण आणि ब्लाउजपीस असे कुणाच्याच अंगाला न लागता वर्षानुवर्षं या घरातून त्या घरात फिरले. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात तो हाच प्रकार. पण ‘यांनी मला ओळखलंच नाही’ म्हणून त्यावरून कुणी डोळे पुसल्याचं मला आठवत नाही. रडारड व्हायची ती मानपानावरून. विहिणीला जरीकाठी आणि मला सुती, थोरल्या जावेला बोलावून ओटी भरली आणि मला स्वयंपाकघरात येऊन. आपल्या भेटीत प्रश्न एकच असतो, मी तुमच्या यादीत आहे की नाही, आणि असले तर कितव्या नंबरावर.

तू तर वसईत वाढलीस. तुझा लहानपणचा नाताळ म्हणजे शेजारच्या घरातून क्रोशाच्या रुमालाखाली झाकून आलेलं ताट. करंज्या, कलकल, केकचे तुकडे. ते ताट वाडीतल्या सगळ्या घरांत सारखंच जायचं. कुणाच्या आवडीचं काय, याचा विचार त्यात नव्हता, आणि तो नाही म्हणून कुणी खट्टूही व्हायचं नाही. दिवाळीत तेच ताट चकल्या-शंकरपाळे घेऊन परत जायचं, कारण ताट रिकामं परत करायचं नाही, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं.

आता तुझ्या सासरची दिवाणखान्यातली सकाळ बघ. झाडाखाली खोकी. प्रत्येकाने पाळीपाळीने एकेक फोडायचं. फोडताना सगळ्यांचे डोळे फोडणाऱ्याच्या तोंडावर, एकाच्या हातात फोन, रेकॉर्डिंग चालू. वस्तू काय आहे हे कळायच्या आत चेहऱ्याने आनंद दाखवायचा. या परीक्षेला आपल्यापैकी कुणीच अभ्यास करून बसलेलं नसतं.

ही रीत अनादी काळापासून चालत आलेली आहे असंही समजू नकोस. मॅसॅच्युसेट्समध्ये प्युरिटन मंडळींनी १६५९ साली नाताळ साजरा करण्यावरच बंदी घातली होती. करेल त्याला पाच शिलिंग दंड. ती उठली १६८१ मध्ये. ज्या कवितेतून सेंट निकोलसचं घसरगाडीवरून येणं आणि पोरांचे मोजे भरणं घरोघर पोचलं, ती न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावच्या वर्तमानपत्रात निनावी छापली गेली १८२३ साली. संघराज्याच्या सरकारने नाताळला सुट्टीचा दर्जा दिला तो १८७० मध्ये. आणि रंगीत वेष्टनाची गंमत तर विसाव्या शतकातली. कॅन्सस सिटीत हॉल बंधूंच्या दुकानात १९१७ च्या नाताळात भेटी गुंडाळायचा साधा पातळ कागद संपला. मग त्यांनी पाकिटांना आतून लावायचा नक्षीदार फ्रेंच कागद विकायला काढला आणि तो हातोहात खपला. हीच पुढे हॉलमार्क म्हणून नावारूपाला आलेली मंडळी. कागद जसजसा देखणा झाला तसतशी आतल्या वस्तूकडून अपेक्षाही वाढत गेली असणार.

नकोशा भेटींची तक्रारही तुझ्यापासून सुरू झालेली नाही. १९१२ साली न्यूयॉर्कमध्ये एलिनॉर बेलमॉन्ट आणि बँकर जे. पी. मॉर्गन यांची मुलगी अ‍ॅन मॉर्गन यांनी चक्क ‘निरुपयोगी भेटी प्रतिबंधक संस्था’ काढली. दुकानांतून राबणाऱ्या पोरींना तुटपुंज्या पगारातून वरिष्ठांच्या भेटीसाठी वर्गणी द्यावी लागायची, ते थांबावं हा मूळ हेतू. थिओडोर रूझवेल्टसारखा माजी राष्ट्राध्यक्षसुद्धा तिचा सभासद झाला. म्हणजे भेटीत सक्ती शिरली की वस्तू निरुपयोगी होते, हे बायकांनी शंभर वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय.

सगळ्यात मजेची गोष्ट तुझ्या सासरच्या अंगणातलीच आहे. तुझ्या सासरच्या इंडियानापोलिसहून गाडीने तासाभरावर मन्सी नावाचं शहर आहे. समाजशास्त्राच्या पुस्तकांत ते ‘मिडलटाउन’ म्हणून प्रसिद्ध आहे. थिओडोर कॅपलो या अभ्यासकाने १९७९ च्या सुरुवातीला तिथल्या शंभरावर लोकांना विचारलं, की गेल्या नाताळात कुणाला काय दिलंत, कुणाकडून काय आलं. त्याच्या ध्यानात असं आलं, की लोक भेटींचे कडक नियम पाळतात, पण नियम आहेत हे त्यांच्या गावीही नसतं. झाड पाहिजे, वेष्टन पाहिजे, नवराबायकोची एकमेकांना दिलेली भेट सगळ्यात भारी पाहिजे. मुलांमुलांत फरक करायचा नाही. आणि आता नीट वाच: सुनेला-जावयाला लेका-लेकीइतकंच द्यायचं.

आता तो स्वेटर पुन्हा हातात घे. सासूबाईंनी मुलाला निळा, मुलीला हिरवा, थोरल्या सुनेला करडा आणि तुला तांबडा दिला. तुला वाटलं, घाऊक खरेदी केली आणि वाटून टाकली. मला विचारशील तर त्यांनी त्या झाडाखाली सगळ्यांसमोर सांगितलं, की माझी लेकरं इतकी, आणि ही त्यातली एक. लग्नानंतरच्या पहिल्या-दुसऱ्या सणाला धाकट्या सुनेचा मान थोरलीइतकाच, एवढं विनाभांडण पदरात पडायला आपल्याकडे कितीतरी बायकांना नातवंडं होईपर्यंत थांबावं लागलंय. माप चुकलं हे खरं, पण खोक्यात त्यांनी किंमत न छापलेली पावती घातली होती ना? ती पावती म्हणजे त्यांनीच दिलेली परवानगी आहे. खुशाल जा आणि तुझ्या मापाचा, तुझ्या आवडीच्या रंगाचा घेऊन ये. इकडे २६ तारखेपासून दुकानांच्या परतीच्या खिडकीवर अर्धं गाव उभं असतं. त्यात अपमान कुणाचाच नाही.

कॅपलोचं आणखी एक म्हणणं मला फार पटलं. ही सगळी उलाढाल कोणत्या नात्यांसाठी चालते? जी महत्त्वाची आहेत पण ज्यांची खात्री नाही, अशांसाठी. सासर-माहेर, दीर-जावा, नणंदा-भावजया. ज्यांच्याशी रोज बोलतो त्यांना वर्षातून एकदा खोकं देऊन नातं जपावं लागत नाही. खोकं द्यावं लागतं ते ज्यांच्याशी काय बोलावं हे कळत नाही त्यांना. तेव्हा सासरची भेट तुला ओळखत नाही यात नवल ते काय? ओळख अजून झालेली नाही म्हणूनच तर ती आली.

माझं सांगणं एवढंच आहे. नात्यातल्या भेटी दोन प्रकारच्या असतात, यादीच्या आणि ओळखीच्या. यादीची भेट सांगते, तू आमच्यात मोजली गेलीस. ओळखीची भेट सांगते, तुला काय आवडतं ते मी टिपून ठेवलंय. आपल्याकडे सगळा आहेर उघडपणे यादीचा असतो, त्यामुळे मन मोडत नाही. इथे पंचाईत अशी, की यादीची भेटसुद्धा ओळखीचे कपडे घालून येते. वेष्टन, रिबीन, तुझ्या नावाची चिठ्ठी. आपण ओळख शोधायला जातो आणि आत निघतो आहेर. तू सगळ्यांना ओळखीच्या भेटी दिल्यास आणि तुला यादीच्या मिळाल्या. हिशेब जुळला नाही, पण म्हणून त्यांनी तुला काहीच दिलं नाही असं होत नाही.

आता बाकीच्यांचं एकेक बघू, कारण सगळ्यांना एकाच तराजूत घालणंही बरोबर नाही.

आजेसासूबाईंचा चेक तुला कोरडा वाटला. सोनू, त्या घरातली सगळ्यात शहाणी बाई ती आहे. जोएल वॉल्डफोगेल नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९९३ साली नाताळच्या भेटींवर एक निबंध लिहिला आणि भल्याभल्यांचा सण कडू केला. येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना त्याने विचारलं, मिळालेल्या वस्तू देणाऱ्याला केवढ्याला पडल्या असतील आणि तुमच्या लेखी त्यांचं मोल किती? त्याचा अंदाज असा निघाला, की दिलेल्या किमतीतला दहावा ते तिसरा हिस्सा वाटेतच गळून जातो. जवळचे मित्र आणि जोडीदार यांचा नेम बऱ्यापैकी बसतो. सगळ्यात जास्त चुकतो तो आजी-आजोबांचा आणि मावश्या-आत्या-काकांचा, म्हणजे आमचा. आजी-आजोबांना ते उमगलेलं असतं, म्हणून ते सरळ पैसे देतात. अर्थात त्या प्रश्नात एक अट होती. भावनिक मोल वगळून किंमत सांगा, अशी. भावना वगळून नाताळ मोजणं म्हणजे मीठ वगळून लोणचं चाखणं. पण आजेसासूबाईंपुरतं ते गणित खरं आहे. पंचाऐंशीच्या पुढची बाई थरथरत्या हाताने चेकवर तुझं नाव लिहिते, आणि तूच सांगितलंस, अख्ख्या घरात स्पेलिंग बरोबर लिहिणारी तीच एकटी.

दिरांच्या टोपलीचं कोडं २०१६ साली आलेल्या एका लेखाने सोडवलंय. कार्नेगी मेलन विद्यापीठातले जेफ गॅलक आणि त्यांचे सहकारी म्हणतात, देणाऱ्याच्या डोळ्यासमोर असतो तो वस्तू उघडण्याचा क्षण, आणि घेणाऱ्याला पुढचे कित्येक महिने ती वस्तू वापरायची असते. त्या टोपलीला भला थोरला लाल फुगीर बो होता म्हणालीस ना? ती टेबलावर येते, सगळे "वाव" म्हणतात आणि तिथेच तिचं काम संपतं. शिवाय कॅपलोने आणखी एक टिपलंय, नाताळच्या भेटींची बहुतेक राबणूक बायकांच्या गळ्यात असते. तेव्हा चिठ्ठीवर नाव कुणाचं आहे ते सोड, दुकानात कोण गेलं होतं ते बघ. माझा अंदाज विचारशील तर दिरांना त्या टोपलीत काय आहे हे तुझ्याबरोबरच कळलं असेल. हा हलगर्जीपणाच, त्याला दुसरं नाव नाही. पण त्यात तुझ्याविषयी काही मत नाही. हलगर्जी माणसाच्या मनात आपल्याविषयी वाईट विचार असायला आधी विचार असावा लागतो.

जाऊबाईंच्या हळदीवर मी सगळ्यात जास्त हसले. मराठी मुलीला डब्यातून हळद-दूध! पण थांब, या प्रकारात आपण मराठी माणसं कुणाला हार जायचो नाही. इकडे येताना प्रत्येक बॅगेत अमेरिकन साहेबांसाठी काय असतं? चंदनाचा हत्ती, पैठणीच्या कापडाची पर्स, वारली चित्राची चौकट. त्या साहेबाला हत्ती आवडतात का, हे विचारलंय कधी कुणी? आपल्याला ‘आपलं’ काहीतरी द्यायचं असतं. जाऊबाईंना ‘तुझं’ काहीतरी द्यायचं होतं. तुझ्याविषयी त्यांना जी एकच गोष्ट नक्की ठाऊक होती, ती धरून त्यांनी दुकान पालथं घातलं. हा ओळखीचा पहिला, चुकलेला प्रयत्न आहे. सगळ्या घरात प्रयत्न म्हणावा असा तेवढाच. एखाद्या रविवारी त्यांना घरी बोलाव, दूध उकळ, आपल्या डब्यातली हळद, जायफळ, गूळ घालून दे, आणि सांग की हे आमच्याकडे सर्दी झाल्यावर आई बळजबरीने पाजते आणि पोरं नाक दाबून पितात. त्यांना ते ऐकायला आवडेल.

राहिलं नणंदेचं पुस्तक. इथे मी समजूत घालणार नाही. वजनाचं पुस्तक, तोंडाला लावायचं क्रीम, घरकाम कसं करावं याचं मॅन्युअल, या भेटी नव्हेत, शेरे आहेत, आणि शेऱ्याला रिबीन बांधली तरी शेराच राहतो. एक शंका मात्र आधी फेडून घे. जानेवारीच्या संकल्पांसाठी दुकानं डिसेंबरातच ही पुस्तकं पुढच्या टेबलावर मांडतात. तिने स्वतःसाठीही एक घेतलंय का? घेतलं असेल तर ‘आपण दोघी मिळून करू’ असं तिला म्हणायचं असेल, फक्त ते म्हणायचं राहून गेलं. तसं नसेल, तर एकदा पुस्तक मुकाट्याने कपाटात ठेव. पुढच्या वर्षी पुन्हा तसंच काही आलं तर तू बोलायचं नाहीस, तिच्या भावाने बोलायचं. आणि स्पेलिंगचा भेटीशी काही संबंध नाही. ते उद्याच्या उद्या कळव, हसून, सरळ शब्दांत, माफी न मागता: माझं नाव असं लिहितात. हे जितकं लांबवशील तितकं अवघड होत जातं. मी ऑफिसात ‘सू’ म्हणून निवृत्त झालेल्या सुमन पाहिल्यात.

आता भावाचा विषय निघालाच आहे, तर जावईबापूंबद्दल चार शब्द. तुझी सगळी तक्रार सासू, नणंद, जाऊ यांच्याभोवती फिरली. बायकांनी बायकांवर रागवायची आपली जुनी सवय. पण दीड वर्षात ‘माझी बायको मांस खात नाही’ हे स्वतःच्या सख्ख्या भावाच्या डोक्यात शिरवण्याचं काम कुणाचं होतं? तुझं माप सासूबाईंना कोण सांगणार होतं? त्या घराला तुझी माहिती मिळायची वाट एकच आहे, आणि तो गृहस्थ तुझी टोपली उघडली जात असताना सोफ्यावर बसून हसत होता. पोरगा चांगला आहे, मला आवडतो. पण यापुढे त्याच्या माणसांच्या भेटी त्यानेच आणायच्या, आणि तुला काय हवं-नको ते त्यानेच त्यांना कळवायचं, हे आत्ताच ठरवून टाक. नाहीतर पुढची तीस वर्षं तू ऑक्टोबरपासून यादी करत बसशील आणि चिठ्ठीवर नाव दोघांचं लागेल.

पुढच्या वर्षीसाठी आणखी एक सुचवते. थँक्सगिव्हिंगच्या जेवणानंतर सगळे सुस्तावलेले असतात, तेव्हा विषय काढ. टोपीत चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाने एकालाच भेट द्यायची, अशी पद्धत इथल्या पुष्कळ घरांत आहे. पाच जणांची पाच खोकी येण्यापेक्षा एकाने नीट विचार केलेलं एक बरं. आणि मला काय हवंय ते मोकळेपणाने सांगायला शीक. ‘काही नको हो, कशाला उगाच’ ही आपली भाषा इथे शब्दशः घेतात. मग खरंच काही नको असं समजून साबणांचा संच आणतात.

आभाराच्या चिठ्ठ्या मात्र पहिल्या आठवड्यात जायला हव्यात. मार्सेल मोस नावाच्या फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञाने १९२५ च्या सुमारास भेटींवर जो प्रबंध लिहिला, त्यात तो म्हणतो की भेटीत तीन कर्तव्यं गुंतलेली असतात: देणं, घेणं आणि परतफेड. त्यासाठी त्याने आपल्या महाभारतातलं अनुशासनपर्वही पालथं घातलं होतं. देणं तुला छान जमतं. घेणं हेही काम आहे, हे आपल्या पिढ्यांना कुणी शिकवलंच नाही. लिहिताना खोटं लिहू नकोस, पण खरं शोधून लिही. सासूबाईंना लिही की सगळ्यांच्या रांगेत माझाही स्वेटर होता याचा आनंद झाला, आणि मी माप बदलून आणलंय. दिरांना लिही की टोपली तुमच्या भावाने दोन दिवसांत फस्त केली. मी शाकाहारी असल्यामुळे माझ्या वाट्याला फक्त चीज आलं. हे एक वाक्य त्यांच्या घरात पुढची वीस वर्षं पुरेल. नणंदेला लिही, पुस्तक मिळालं. बस.

आणि संक्रांतीला सगळ्यांना बोलाव. तिळाचे लाडू कर, जमेल तसे, कडक झाले तरी चालतील. सासू, जाऊ, नणंद, आजेसासूबाई, चौघींना हळदीकुंकू लाव आणि वाण दे. एकीला एक, दुसरीला दुसरं, असं मुळीच करू नकोस. चौघींना अगदी सारखी स्टीलची वाटी. "ही कशासाठी?" असं त्या विचारतील. सांग, कशासाठी नाही, तुम्ही आमच्यातल्या म्हणून. त्यांना नवल वाटेल, एखादी मनातून खट्टूही होईल की एवढ्या लांब बोलावून वाटी दिली. होऊ दे. यादीची भेट कशी असते हे त्यांनाही एकदा कळायला हवं, आणि ती देताना किती बरं वाटतं हे तुला.

ताईला यातलं काही बोलणार नाही. जावईबापूंना आशीर्वाद सांग, आणि पत्राचा त्यांच्याविषयीचा भाग भाषांतर करून वाचून दाखव, गाळू नकोस.

तुझी,
मावशी

ता. क. : सोबत १०१ डॉलरचा चेक आहे. मी तुझ्यासाठी एक शाल बघून ठेवली होती, पण मावश्यांचा नेम चुकतो हे येलच्या पोरांनी सिद्ध केल्यावर शहाणपणा सुचला. वरचा एक डॉलर शकुनाचा. तो बँकेतल्या बाईला समजावून सांगायच्या भानगडीत पडू नकोस.